चित्राची मागची बाजू

इटालियन चित्रकार लुचो फोंताना यांचं चित्र समोरून पाहिलं तर फार थोडं दिसतं. एकाच रंगाने रंगवलेला कॅनव्हास आणि त्यावर वरून खाली गेलेली एक उभी चीर. जवळ गेलात की कळतं, चीर पट्टी धरून मारलेली नाही, हाताने ओढलेली आहे. तिच्या कडा किंचित आत वळलेल्या असतात आणि आत काळोख असतो. भिंतीची सावली वाटावी असा हा काळोख मुद्दाम केलेला आहे. फोंताना चिरेच्या मागे काळ्या जाळीदार कापडाची पट्टी चिकटवत, म्हणजे पलीकडची भिंत दिसू नये आणि कॅनव्हासच्या आत अथांग जागा आहे असं वाटावं.

चित्र उलटं केलं की ही पट्टी दिसते. शीर्षक आणि सहीही मागेच असते. एक चीर असेल तर 'आत्तेसा', म्हणजे प्रतीक्षा. अनेक असतील तर त्याचंच अनेकवचन, 'आत्तेसे'. पुष्कळदा तिथे फोंतानांनी स्वतःच्या अक्षरात एखादी साधी ओळ लिहिलेली असते, हवापाण्याबद्दल किंवा कुठे जायचं आहे त्याबद्दल. आणि कॅनव्हासच्या लाकडी चौकटीवर कागदाच्या चिठ्ठ्या आणि शिक्के असतात: कुठल्या गॅलरीतून गेलं, कुठल्या प्रदर्शनात लागलं, दफ्तरात नोंद कितवी.

चित्र घडवलं फोंतानांनी. पण १९६० च्या दशकात मिलानमध्ये तयार झालेला हा चिरलेला कॅनव्हास पुढे जगभरच्या संग्रहालयांत कसा पोचला, ते या मागच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असतं. त्या चिठ्ठ्या चिकटवणाऱ्यांत इटलीतल्या काही कुटुंबांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्याविषयी मराठीत कुणी फारसं लिहिलेलं नाही, म्हणून हा लेख.

आधी 'गॅलरी' या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे आर्ट गॅलरी म्हटलं की मुंबईची जहांगीर डोळ्यांसमोर येते. तिथे कलाकार दालन भाड्याने घेतो, स्वतःची चित्रं लावतो, आठवडाभर तिथेच खुर्ची टाकून बसतो. व्यावसायिक गॅलरीचं गणित वेगळं असतं. तिथे कुणाचं काम लावायचं हे मालक ठरवतो, खर्च तो करतो आणि धोकाही तोच पत्करतो. कलाकार हयात असेल आणि चित्र स्टुडिओतून थेट आलं असेल, तर विक्रीचे पैसे साधारणपणे निम्मे-निम्मे वाटले जातात. हा झाला पहिला बाजार.

दुसरा बाजार म्हणजे एकदा विकलं गेलेलं चित्र पुन्हा विक्रीला येतं तो. कुणाचे वडील वारतात, कुणाचा घटस्फोट होतो, कुणाला पैशांची नड असते. चित्र गॅलरीकडे येतं. गॅलरी ते विकून देऊन दलाली घेते, किंवा सरळ रोख मोजून विकत घेते आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवते. हे 'मिळेपर्यंत' कधी सहा महिन्यांचं असतं, कधी वीस वर्षांचं. या धंद्यात भांडवल अडकून पडतं. म्हणून मला त्याचं सगळ्यात जवळचं नातं सराफाच्या पेढीशी दिसतं. नवा दागिना विकणं हे एक काम झालं. जुना दागिना हातात घेऊन तो कुणाचा, कधीचा, अस्सल की नाही हे सांगणं हे दुसरं, आणि पेढीचं नाव या दुसऱ्या कामावर टिकतं.

फ्लॉरेन्समधली तोर्नाबुओनी गॅलरी ही अशी पेढी. रोबेर्तो कासामोंती यांनी ती १९८१ मध्ये सुरू केली. ज्या रस्त्यावर ती उघडली त्या विया तोर्नाबुओनीवरून तिचं नाव पडलं. फ्लॉरेन्स म्हणजे बोत्तिचेल्ली आणि मिकेलँजेलो यांचं शहर. पाचशे वर्षांपूर्वीची कला पाहायला जिथे जग रांग लावतं, तिथे चिरलेले कॅनव्हास आणि गोणपाटाचे तुकडे विकायला बसणं ही सोपी गोष्ट नव्हती. पुढे शाखा निघाल्या: स्वित्झर्लंडमध्ये क्रान्स-मोंतानाला १९९३ मध्ये, मिलानला १९९५ मध्ये, समुद्रकाठच्या फोर्ते देई मार्मीला २००४ मध्ये, पॅरिसला २००९ मध्ये आणि लंडनला २०१५ मध्ये. फोर्ते देई मार्मी आणि क्रान्स-मोंताना ही नावं वाचून नवल वाटेल, पण पहिलं उन्हाळी सुट्टीचं गाव आहे आणि दुसरं बर्फातल्या सुट्टीचं. गिऱ्हाईक जिथे निवांत असतं तिथे पेढीने जायचं, हा जुना व्यापारी हिशोब. परदेशातल्या शाखा सांभाळायला घरातलीच पुढची माणसं उभी राहिली.

तुरीनच्या माझ्झोलेनी कुटुंबाची गोष्ट थोडी निराळी आहे. जोव्हान्नी आणि आन्ना पिया माझ्झोलेनी या जोडप्याचा स्वतःचा चित्रसंग्रह १९५० च्या दशकापासून वाढत होता. गॅलरी त्यांनी काढली १९८६ मध्ये, तुरीनच्या पियाझ्झा सोल्फेरिनोवर. म्हणजे आधी घरच्या भिंती भरल्या, मग दुकान निघालं. २०१४ मध्ये ते लंडनला पोचले.

आता मुळाशी जाऊ. हे काम कुटुंबांच्या हातात का आलं? सरकारने का केलं नाही, मोठ्या कंपन्यांनी का केलं नाही?

त्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतरची इटली पाहावी लागते. आल्बेर्तो बुर्री हे पेशाने डॉक्टर. युद्धात पकडले गेले आणि अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हेरफर्डच्या युद्धकैदी छावणीत राहिले. चित्रं काढायला तिथेच लागले. परत आल्यावर त्यांनी जुनी गोणपाटं घेतली, फाटलेली, ठिगळ लावलेली, आणि ती कॅनव्हासवर शिवली आणि चिकटवली. जखमेला टाके घालणाऱ्या माणसाचे हात त्या चित्रांत आहेत असं मला ती पाहताना नेहमी वाटतं. फोंताना मूळचे अर्जेंटिनात जन्मलेले; युद्धाच्या काळात ते तिकडेच होते आणि १९४७ मध्ये मिलानला परतले. १९४९ मध्ये त्यांनी कॅनव्हासला भोकं पाडायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये चिरा द्यायला. एन्रिको कास्तेल्लानी कॅनव्हासमागे खिळे ठोकून पृष्ठभाग वरखाली ताणत, त्यामुळे एकरंगी चित्रावर उजेड-सावलीची शेतं पिकत. पिएरो मान्झोनी यांनी रंगच काढून टाकलेली चित्रं केली आणि १९६३ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी ते गेले.

या सगळ्यांना एकच गोष्ट छळत होती. ज्या देशात चित्रकला शिखरावर पोचून गेली, तिथे पडझडीनंतर चित्र पुन्हा कुठून सुरू करायचं? त्यांनी चित्राच्या वस्तूपासूनच सुरुवात केली: कापड, लाकूड, खिळा, सुई.

१९६४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात अमेरिकेच्या रॉबर्ट राऊशेनबर्ग यांना चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळालं आणि कलेच्या बाजाराचं तोंड न्यूयॉर्ककडे वळलं ते वळलंच. दोन वर्षांनी फोंतानांनाही त्याच व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळालं, पण वारा फिरला तो फिरलाच. इटलीचं सरकार तर प्राचीन वारसा सांभाळण्यातच दमलेलं. समकालीन कलेसाठीचं राष्ट्रीय संग्रहालय, रोममधलं माक्सी, उघडलं ते २०१० मध्ये. मधल्या काळात ही चित्रं घेतली कुणी? कापडगिरण्यांच्या आणि फर्निचरच्या कारखान्यांच्या मालकांनी, डॉक्टर-वकिलांनी, छोट्या-मध्यम शहरांतल्या हौशी माणसांनी. चित्रं त्यांच्या दिवाणखान्यात राहिली. कुठल्या घरात काय आहे, ते कधी विकायला निघेल आणि ते कुटुंब कुणावर विश्वास ठेवेल, हे माहीत असायला त्याच गावात तीस-चाळीस वर्षं काढावी लागतात. ते ज्ञान वहीत मावत नाही. बापाबरोबर चार घरी जेवायला गेलेल्या मुलीला किंवा मुलाला ते येतं.

दुसरं कारण पैशाचं. कंपनीला दर वर्षी नफा दाखवावा लागतो. कुटुंब मात्र भाव पडलेल्या काळात चित्र कोठारात ठेवून वाट पाहू शकतं. फोंताना, बुर्री आणि ज्यांची गोष्ट पुढे येईल ते बोएत्ती यांना इटलीबाहेर मोठी मागणी नव्हती तेव्हा ज्यांनी त्यांची कामं धरून ठेवली, त्यांच्याकडेच ती पुढे प्रदर्शन भरवण्याइतक्या संख्येने उरली. सोदबीज या लिलावघराने १९९९ मध्ये लंडनला खास इटालियन कलेचे लिलाव सुरू केले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये इटालियन फ्यूचरिझमवर, म्हणजे यंत्र आणि वेग यांचं कौतुक करणाऱ्या चळवळीवर, आणि २०१५ मध्ये बुर्रींवर मोठी प्रदर्शनं केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ख्रिस्टीजच्या लिलावात फोंतानांचं 'ला फीने दी दियो', म्हणजे 'देवाचा अंत', हे अंड्याच्या आकाराचं पिवळं चित्र सुमारे २ कोटी ९२ लाख डॉलरला गेलं. असे आकडे बातमीत येतात. त्याआधीची तीस वर्षं बातमीत येत नाहीत.

आता पुन्हा चित्र उलटं करू, कारण या धंद्याचा सगळ्यात गुंतागुंतीचा भाग तिथे आहे.

चिरलेला कॅनव्हास खोटा बनवणं अवघड नाही, असं कुणालाही वाटेल. मग अस्सल कोणता हे कसं ठरतं? इटलीत बहुतेक मोठ्या दिवंगत कलाकारांच्या नावाने एक 'आर्किव्हियो', म्हणजे दफ्तर असतं. ते कलाकाराचे वारस, न्यास किंवा अभ्यासक चालवतात. फोंतानांचं दफ्तर मिलानमधल्या त्यांच्या न्यासाकडे आहे. चित्रं आणि कागदपत्रं तपासून दफ्तर नोंद क्रमांक देतं. पुष्कळदा चित्राच्या फोटोच्या मागे शिक्का आणि सही होते. त्या फोटोला बाजारात जवळजवळ सातबाऱ्याचा मान आहे. फोंतानांच्या कामांची सविस्तर सूची एन्रिको क्रिस्पोल्ती या अभ्यासकाने तयार केली, आणि व्यापारात 'क्रिस्पोल्तीत आहे का?' हा पहिला प्रश्न असतो. शिवाय इटलीच्या २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेतलं ६४ वं कलम सांगतं की चित्र विकणाऱ्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला अस्सलपणाची, निदान ते कुणाचं असावं याची आणि ते कुठून आलं याची कागदपत्रं द्यायलाच हवीत.

एवढ्यावरही सगळं सुरळीत होत नाही. जोर्जो दे किरिको हे विसाव्या शतकातले फार मोठे इटालियन चित्रकार. त्यांनी स्वतःच्या तरुणपणीच्या गाजलेल्या चित्रांसारखी चित्रं उतारवयात पुन्हा काढली, काहींवर जुन्या तारखा घातल्या, आणि आपली म्हणून फिरणारी काही चित्रं खोटी असल्याचंही जाहीर केलं. अशा कलाकाराच्या बाबतीत सही पुरत नाही. चित्र १९२० साली कुणाच्या घरात होतं, १९५० साली कुठे होतं, मधली साखळी तुटली आहे का, हे पाहावं लागतं. ही साखळी म्हणजे मालकीची वंशावळ. जी पेढी दोन-तीन पिढ्या टिकते तिच्याकडे या वंशावळीचे दुवे असतात: जुनी बिलं, पत्रं, प्रदर्शनांचे फोटो. माझ्या मते पेढीची खरी ठेव ही आहे.

कधीकधी मागच्या बाजूची गोष्ट माणसांची असते. आलिगिएरो बोएत्ती तुरीनचे. १९७१ पासून त्यांनी जगाचे नकाशे भरतकामात करून घेतले. प्रत्येक देश त्याच्या झेंड्याच्या रंगांत. हे भरतकाम अफगाण स्त्रियांनी केलं, आधी काबूलमध्ये आणि सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरल्यावर पेशावरच्या निर्वासितांत. असे सुमारे दीडशे नकाशे झाले. एक जवळून पाहा: समुद्राच्या जागी हजारो बारीक टाके, आणि टाक्यांची दिशा मध्येच बदललेली. सुरुवातीच्या नकाशांत समुद्र निळे आहेत. मग एका नकाशाचा समुद्र गुलाबी भरून आला, कारण हाताशी तो दोरा भरपूर होता आणि समुद्र निळाच हवा असं समुद्र न पाहिलेल्या बायकांना वाटण्याचं कारण नव्हतं. बोएत्तींना हे इतकं आवडलं की पुढे समुद्राचा रंग त्यांनी भरणाऱ्यांवरच सोडला. कडेच्या पट्टीवर इटालियन आणि फारसी अक्षरं. तिथे त्या स्त्रियांची नावं मात्र शोधून सापडत नाहीत, आणि या कलेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट टोचली पाहिजे.

बोएत्तींचं एक मोठं प्रदर्शन २०१७ मध्ये व्हेनिसमध्ये जोर्जो चीनी यांच्या नावाच्या न्यासात भरलं, तोर्नाबुओनीच्या सहकार्याने. तिथे प्रत्येक मालिकेतलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं काम शेजारी लावलेलं होतं. इथे वाचकाला एक रास्त शंका येईल: ज्यांच्याकडे बोएत्ती विकायला आहेत तेच बोएत्तींच्या संग्रहालयी प्रदर्शनाला हातभार लावतात, जाड कॅटलॉग काढतात, मग भाव वाढतो तो त्यांच्याच मालाचा. शंका खरी आहे. हितसंबंध गुंतलेले आहेत आणि ते मान्य करूनच अशी प्रदर्शनं पाहावीत. तरी संशोधनाचा, विम्याचा, वाहतुकीचा, छपाईचा खर्च करायला दुसरं कुणी पुढे येत नसेल, तर त्या कॅटलॉगमधली माहिती अभ्यासकाला उद्याही उपयोगी पडते. माझा निवाडा त्यांच्या बाजूने झुकतो. एक तक्रार मात्र आहे. बराच काळ पुरुष कलाकारांचीच नावं पुढे रेटली गेली. दादामाइनो यांनी १९५८ मध्ये कॅनव्हासला मोठी लंबगोल भोकं पाडली. कार्ला आक्कार्दी यांनी पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगवलं. या दोघींना त्यांच्या बरोबरीच्या पुरुषांइतका भाव आणि मान मिळायला फार उशीर झाला, आणि त्यात पेढ्यांचाही दोष आहे.

आता कायदा. पॅरिस-लंडनच्या शाखा का लागतात हे त्याशिवाय कळणार नाही. इटलीत दिवंगत कलाकाराचं काम ७० वर्षांहून जुनं झालं की ते देशाबाहेर कायमचं न्यायला सरकारचा दाखला लागतो. २०१७ पर्यंत ही मर्यादा ५० वर्षांची होती. १३,५०० युरोंपेक्षा कमी किमतीच्या कामांना सूट आहे, आणि ५० ते ७० वर्षांमधलं काम असाधारण महत्त्वाचं असेल तर तेही अडवता येतं. काम राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं की ते देशातच राहतं. घ्यायला फक्त देशातलं गिऱ्हाईक उरतं, म्हणून किंमत खाली येते. आता वर्षं मोजा. फोंतानांची १९४९ ची भोकांची चित्रं सत्तरी ओलांडून गेली आहेत. १९५८ ची पहिली चीर २०२८ मध्ये सत्तरीला पोचेल आणि त्यानंतर दर वर्षी चिरांचं एकेक वर्ष या दारातून आत जाईल. देशाचा ठेवा देशात राहावा ही भावना मला पटते. पण ज्या चित्रांची देशाने तेव्हा फारशी दखल घेतली नाही, त्यांच्यावर हक्क सांगायची वेळ बरोबर त्यांना भाव आल्यावर यावी, याचं वाईटही वाटतं.

कराचाही जाच होता. इटलीत गॅलरीतून चित्र घेतलं तर २२ टक्के मूल्यवर्धित कर लागे. शेजारच्या फ्रान्समध्ये ५.५ टक्के. १ जुलै २०२५ पासून इटलीने तो ५ टक्क्यांवर आणला. ज्या छोट्या गॅलऱ्यांना परदेशात शाखा काढणं परवडत नव्हतं त्यांना याने खरा श्वास मिळाला.

मराठी वाचकाला या सगळ्यात एक आपला धागा सापडतो. २०१४ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये एकाच वेळी दोन प्रदर्शनं चालू होती. एक युरोपातल्या 'झीरो' गटाचं, ज्यात फोंताना, मान्झोनी, कास्तेल्लानी होते. दुसरं नागपुरात जन्मलेल्या, जे. जे. मध्ये शिकलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं. पुढच्या वर्षी गायतोंडेंचं प्रदर्शन व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात गेलं. एकाने कॅनव्हास चिरून आतला अवकाश उघडला, दुसऱ्याने रंगाचे थर देत आणि खरवडत तो आत साठवला. आणि गायतोंडेंच्या पाठीशीही मुंबईत अशीच एक कुटुंबाची पेढी होती, १९६३ मध्ये सुरू झालेली पंडोल.

फ्लॉरेन्सला गेलात तर सांता त्रिनिता चौकातला बार्तोलिनी सालिंबेनी वाडा पाहा. सोळाव्या शतकातला आहे. खिडक्यांवर 'पेर नोन दोरमीरे' कोरलं आहे, 'झोपू नये म्हणून', आणि सोबत अफूची बोंडं. दंतकथा अशी की घरच्या एका व्यापाऱ्याने आदल्या रात्री प्रतिस्पर्ध्यांना मेजवानी दिली, मद्यात अफू मिसळली, आणि ते झोपलेले असताना पहाटे उठून सगळा माल एकट्याने खरेदी केला. याच वाड्यात २०१८ पासून रोबेर्तो कासामोंतींचा खासगी संग्रह लोकांसाठी खुला झाला. आयुष्यभर विकता विकता जे त्यांनी स्वतःसाठी राखलं, ते इथे आहे.

पेढीत मात्र शिरायला तिकीट लागत नाही, फ्लॉरेन्सला नाही आणि लंडनलाही नाही. दार जड असतं, आत शांतता असते, आपण विकत घेणार नाही हे त्यांनाही दिसत असतं. तरी जा. चीर पाहून झाली की तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा, याची मागची बाजू पाहायला मिळेल का. चित्र खाली काढणं दर वेळी जमत नाही, पण मागच्या बाजूचा फोटो त्यांच्याकडे असतोच, आणि तो उघडला की सांगणारा माणूस पुढचा अर्धा तास थांबत नाही.